भूमिकाक्रीडा, संगणकीय

एखाद्या काल्पनिक पात्राची भूमिका स्वीकारून, त्याचे गुण, शस्त्रे व अनुभव यांच्या आकड्यांच्या आधारे संगणकावर खेळावयाचा दीर्घ खेळ. नवागतास दुर्गम अशी या प्रकाराची ख्याती आहे. तिचे कारण सामान्यतः नियमांच्या गुंतागुंतीत शोधले जाते. इतिहास पाहता ते खेळ व त्याची पुस्तिका यांच्या ताटातुटीत अधिक आढळते.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या अमेरिकन खेळात या प्रकाराचा उगम आहे. तो टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल व फासे घेऊन खेळला जाई. नियम तीन पुस्तिकांत होते. पण अडल्यास समजावून देणारा पंच समोरच असे. १९७५ च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ संगणक-यंत्रणेवर त्याच्या अनुकृती निर्माण झाल्या. पंचाचे काम यंत्राकडे गेले; यंत्र निकाल देई, शिकवीत नसे.

ही उणीव पुस्तिकेने भरून काढली. अँड्र्यू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड यांच्या ‘विझार्ड्री’त (१९८१) मंत्रांची नावे पुस्तिकेत पाहून टंकित करावी लागत. वीस बाय वीस चौकटींच्या दहा मजली भुयाराचा नकाशा खेळाडू स्वतःच आलेख-कागदावर काढी. ‘पूल ऑफ रेडियन्स’मध्ये (१९८८) पडद्यावर अनेकदा केवळ नोंदीचा क्रमांक येई; मजकूर सोबतच्या छापील रोजनिशीत वाचावयाचा असे. (तीत काही खोट्या नोंदीही मिसळलेल्या होत्या, उगाच पाने चाळणाऱ्याची त्यामुळे फसगत होई.) ‘बॉल्डर्स गेट’मध्ये (१९९८) कवचाचा आकडा जितका कमी तितके संरक्षण अधिक. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांतही निम्म्या रंगांत एक्का दश्शीहून श्रेष्ठ ठरतो. तेथे हा उलटा क्रम जुन्या खेळाडूंच्या शेजारी बसून शिकता येई. संगणकापुढे एकट्या बसलेल्यास पुस्तिकेवाचून तो उमगणे कठीण.

मुंबईत नेमके हेच घडले. गिरगावनजीकच्या लॅमिंग्टन रस्त्यावर (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) १९९० नंतर असे खेळ स्वस्त नकलप्रतींच्या रूपाने मिळू लागले, परंतु हाती पडे ती बहुधा नुसती चकती. दादर-माहीमसारख्या भागांतील ताशी भाड्याच्या संगणक-केंद्रांत ‘काउंटर-स्ट्राइक’सारखे झटपट निकाल देणारे खेळ रुजले, शंभर तासांची कथा तेथे परवडणारी नव्हती. येथील अनेक होतकरू खेळाडूंनी हे खेळ पहिल्या भुयारातच सोडून दिले, याचा दोष त्यांच्या चिकाटीस देणे अन्यायाचे होईल.

जपानमध्ये युजी होरी यांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये (१९८६) नियम सुटसुटीत करून वेगळी वाट पाडली. २००८ साली सुरू झालेल्या ‘गॉग’ या विक्री-संस्थेने जुन्या खेळांबरोबर अनेकदा त्यांच्या पुस्तिकांच्या संगणकीय प्रतीही पुरविल्या. ‘बॉल्डर्स गेट ३’ (२०२३) प्रहार यशस्वी होण्याची शक्यता टक्केवारीतच दाखवितो. छापील पुस्तिका मात्र अशा खेळांसोबत आता क्वचितच येते.