पट्टी आणि कातडी

दंडावर किंवा पोटावर लावलेला ग्लुकोज सेन्सर ज्या पातळ चिकटपट्टीच्या जोरावर टिकतो, तिचा इतिहास पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा आहे. १८४५ साली अमेरिकेत होरेस डे आणि विल्यम शेकट यांनी रबर मिसळलेल्या वैद्यकीय पट्टीचे पेटंट घेतले. १८८२ मध्ये हॅम्बुर्गचे औषधविक्रेते पॉल बायर्सडॉर्फ यांना रबरासारख्या गटापर्चाच्या पट्टीचे पेटंट मिळाले. रबराच्या या पट्ट्या घट्ट बसत, पण कातडी लाल होई. १९०१ च्या ल्युकोप्लास्टमध्ये झिंक ऑक्साइड आले आणि दाह कमी झाला.

खरे वळण १९६० च्या सुमारास मायक्रोपोर पट्टीने दिले. न विणलेल्या कापडावर अ‍ॅक्रिलिक चिकटद्रव्य असल्याने घामाची वाफ बाहेर पडू लागली. ही गोष्ट वाटते त्याहून फार मोठी आहे: घाम अडकला की कातडी पांढरी, मऊ पडते आणि पट्टीची कड सुटू लागते.

१९९९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला पहिला ग्लुकोज सेन्सर ३ दिवस चाले. २०१४ मध्ये युरोपात १४ दिवसांचा आला. आता पट्टीला रोजची अंघोळ, साबण, शर्टाची बाही, दाराची चौकट या सगळ्यांशी झुंजावे लागते. म्हणून जागा अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू देतात. तेलाचा जरासा अंशही पकड सैल करतो.

चिकटणे साधले, तरी कातडीची तक्रार संपली नाही. २०१७ मध्ये सेन्सरमधील आयसोबॉर्निल अ‍ॅक्रिलेट या रसायनामुळे काहींना तीव्र अ‍ॅलर्जी होत असल्याचे त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवले. पुढे काही उत्पादनांतून तो घटक वगळण्यात आला.