माउंटन बाइकचे टायर

माउंटन बाइकचे टायर : डोंगरवाटा, रानातल्या पायवाटा आणि दगडमातीचे कच्चे रस्ते यांवर चालणाऱ्या सायकलींसाठी बनवलेले, रुंद, हवेने भरायचे आणि पृष्ठावर रबरी बटणे असलेले टायर. सायकल जमिनीला टेकते ती दोन टायरांखालच्या काही चौरस इंच जागेतच. वळण किती धीटपणे घेता येईल, चढावर किती दम लागेल आणि सायकल हातात धरून घरी परतावे लागेल का, या सगळ्याचा मोठा वाटा तिथे ठरतो. पकड, वेग आणि टिकाऊपणा हे टायरचे तीन गुण एकमेकांच्या आड येतात. मऊ रबर दगड धरते, पण सायकलला मागे ओढते आणि लवकर झिजते. जाड केसिंग, म्हणजे टायरचा सांगाडा, कापले जात नाही, पण जड आणि ताठर होते. दुकानात बहुतेकांची नजर आधी नक्षीवर जाते. खरे तर केसिंग, हवेचा दाब आणि रबर यांचा विचार नक्षीच्या आधी व्हायला हवा. या नोंदीत तोच क्रम ठेवला आहे.

इतिहास : रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले होते, पण ती कल्पना विस्मरणात गेली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्टमध्ये ती नव्याने उभी केली आणि सायकलचे रूपच पालटले. रुंद टायर मात्र अमेरिकेतून आला. फ्रँक श्विन यांनी १९३३ मध्ये २.१२५ इंच रुंदीचे ‘बलून’ टायर असलेल्या सायकली बाजारात आणल्या. चार दशकांनी कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीतील काही तरुणांनी याच जुन्या, जड सायकली टॅमलपायस डोंगराच्या परिसरातल्या मातीच्या उतारांवरून पळवायला घेतल्या. तिथे २१ ऑक्टोबर १९७६ रोजी ‘रीपॅक’ ही उताराची शर्यत पहिल्यांदा झाली. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली आणि टॉम रिची ही नावे याच मंडळींतली. त्या काळात त्यांची भिस्त युनिरॉयल कंपनीच्या ‘नॉबी’ या बटणांच्या टायरवर होती. तो चिवट होता आणि तितकाच जडही. १९८१ मध्ये ‘स्टम्पजंपर’च्या रूपाने कारखान्यात तयार झालेली माउंटन बाइक सर्वसामान्य ग्राहकाला मिळू लागली आणि खास डोंगरासाठी आखलेल्या टायरांची बाजारपेठ उभी राहिली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या खेळाचा समावेश झाला. १९९९ मध्ये माविक, हचिन्सन आणि मिशेलिन यांनी मिळून ‘यूएसटी’ ही ट्यूबलेस पद्धत आणली. टायर निवडीवर त्यानंतर इतका खोल परिणाम करणारा दुसरा बदल दाखवता येत नाही.

केसिंग : टायरचा सांगाडा नायलॉनच्या धाग्यांचा असतो आणि त्यांवर रबर चढवलेले असते. धागे साधारणपणे ४५ अंशांत तिरपे बसवतात. कापड दोन्ही कडांच्या तारांभोवती दुमडून परत वर घेतात, त्यामुळे पृष्ठाखाली दोन-तीन थर तयार होतात. एका इंचात किती धागे बसतात तो आकडा ‘टीपीआय’ म्हणून दिलेला असतो. माउंटन बाइकमध्ये ६० आणि १२० हे आकडे नेहमी दिसतात. १२० च्या कापडात धागे बारीक असतात आणि त्यांच्यामध्ये रबर कमी मावते. असे कापड दगडाच्या आकाराप्रमाणे सहज दबते आणि दबताना थोडीच शक्ती खाते. ६० चे धागे जाड असल्याने धारदार दगडाला दाद देत नाहीत. काही उत्पादक सगळ्या थरांतल्या धाग्यांची बेरीज छापतात, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नये.

आकड्यापेक्षा केसिंगची प्रत महत्त्वाची. मॅक्सिस कंपनी एकाच नक्षीचा टायर ‘एक्सो’, ‘डबलडाउन’, ‘डीएच’ अशा चढत्या मजबुतीच्या केसिंगमध्ये विकते. श्वाल्बेच्या प्रती ‘सुपर रेस’पासून ‘सुपर डाउनहिल’पर्यंत जातात. ‘एक्सो’मध्ये बाजूच्या भिंतीला कापण्यापासून वाचवणारे अस्तर असते. उताराच्या शर्यतींसाठीच्या टायरमध्ये कापड दुहेरी असते आणि तारेजवळ रबराची जाड पट्टी घातलेली असते, म्हणजे चाक दगडावर आदळले तरी रिमची कड टायरला चावत नाही. ‘मिनियन डीएचएफ’ या गाजलेल्या टायरच्या हलक्या आणि सर्वांत भक्कम रूपांत सुमारे पाव किलोचा फरक पडतो, नाव आणि नक्षी मात्र तीच. म्हणून ‘मिनियन चांगला का’ या प्रश्नाला कोणत्या केसिंगचा हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

वजनाची धास्ती बहुतेक नवे सायकलस्वार गरजेपेक्षा जास्त घेतात. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरले आणि दोन्ही टायरांत मिळून अर्धा किलो वाढला, तर एका लयीत चढताना मेहनत जेमतेम अर्ध्या टक्क्याने वाढते. फिरणाऱ्या कडेवरचे वजन वेग वाढवताना जवळपास दुप्पट जाणवते, त्यामुळे दर वळणानंतर जोर लावणाऱ्या शर्यतपटूला त्याचा हिशेब ठेवावा लागतो. सुट्टीच्या दिवशी डोंगरात जाणाऱ्याने तो अर्धा किलो आनंदाने वाहावा. टायरची भिंत चिरली तर सगळा दिवस जातो.

२०२४ मध्ये श्वाल्बेने धाग्यांचा कोन अधिक उभा ठेवलेले ‘रेडियल’ टायर आणले. त्यांत तोच दाब ठेवूनही टायर जमिनीवर जास्त पसरतो. खडबडीत उतारावर याने पकड वाढते, गुळगुळीत जमिनीवर मात्र थोडा वेग जातो.

हवेचा दाब : पैसे न खर्चता टायर सुधारण्याचा हाच एक उपाय आहे, आणि त्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. केसिंगचा ताठरपणा बाजूला ठेवला तर टायर जमिनीवर किती पसरेल हे वजन भागिले दाब या साध्या हिशेबाने कळते. ९० किलो म्हणजे १९८ पौंड. ४० पीएसआय (दर चौरस इंचाला ४० पौंड) दाबावर दोन्ही टायरांची मिळून सुमारे ५ चौरस इंच जागा जमिनीला टेकते, २५ पीएसआयवर ती ८ चौरस इंच होते.

दाब कमी केला की वेग जातो, ही समजूत डांबरी रस्त्यावरून आली आहे. रबर दबते आणि सुटते तेव्हा काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. गुळगुळीत रस्त्यावर जास्त दाबाने हे दबणे कमी होते, म्हणून तिथे कडक टायर पळतो. खडबडीत वाटेवर दुसरी गळती मोठी असते. कडक टायर प्रत्येक खड्यावर सायकल आणि स्वार दोघांना वर फेकतो आणि पुढे जाण्याची शक्ती अंगाच्या हादऱ्यांत संपते. मऊ, रुंद टायर तो खडा स्वतःत जिरवतो. त्यामुळे कच्च्या वाटेवर मर्यादेत उतरवलेला दाब पकड आणि वेग दोन्ही देतो.

ही मर्यादा ट्यूबमुळे लवकर येते. दाब उतरला आणि चाक दगडावर आदळले की ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिरडते व तिला दोन समांतर भोके पडतात. ट्यूबलेसमध्ये चिरडायला ट्यूबच नसते. २.४ इंची टायर आणि मध्यम वजनाचा स्वार असेल तर पुढे २० ते २३, मागे २३ ते २६ पीएसआयपासून सुरुवात करावी आणि एक-एक पीएसआयने बदल करत जावे. वळणात टायर दुमडल्यासारखा वाटला किंवा रिम दगडाला लागल्याचा आवाज आला, तर दाब फार खाली गेला आहे. अंगठ्याने दाबून पाहणे इथे उपयोगाचे नाही, कारण जाड केसिंग रिकामे असतानाही कडक लागते. कमी दाब नीट दाखवणारा मोजक घ्यावा.

ट्यूबलेस टायरमध्ये द्रवरूप सीलंट ओततात. त्यातले रबराचे कण छिद्रातून बाहेर पडताना साकळतात आणि छिद्र बुजते. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या सायकलस्वारांना ज्या काट्याने जेरीस आणले, तो महाराष्ट्रातल्या माळावर उन्हाळ-पावसाळ पायात मोडणारा सराटाच आहे. त्याचे शास्त्रीय नाव ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. अशा बारीक काट्यांची भोके सीलंट सायकल न थांबवताच बुजवते, बाभळीच्या काट्याचे भोकही बहुधा. त्यामुळे दख्खनच्या पठारावर ट्यूबलेस ही चैन मानू नये. सीलंट मात्र वाळते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर वाळते. दर दोन-तीन महिन्यांनी टायर हलवून आत द्रव खळखळतो का ते पाहावे.

रबर : रबराचा कडकपणा शोअर ‘ए’ मापात मोजतात. ४२ च्या आसपास अगदी मऊ, ६० च्या पुढे कडक. मऊ रबर दगडाच्या बारीक खाचांत शिरते आणि हळू सुटते. हे हळू सुटणेच पकड देते, आणि त्यातच शक्तीही जाते. यावर तोडगा म्हणून एका टायरमध्ये दोन-तीन प्रकारचे रबर वापरतात : तळाशी कडक, वरच्या मधल्या भागात मध्यम आणि कडेच्या बटणांत मऊ. मॅक्सिसच्या ‘३सी’ मालिकेत ‘मॅक्सस्पीड’, ‘मॅक्सटेरा’, ‘मॅक्सग्रिप’ अशा पायऱ्या आहेत. श्वाल्बे आपले ‘अ‍ॅडिक्स’ रबर रंगीत पट्टीने ओळखू देते : लाल वेगासाठी, निळी मधली, केशरी मऊ, जांभळी सर्वांत मऊ. मऊ रबर डांबरावर फार लवकर संपते. घरापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत सायकलनेच जाणाऱ्याने मागच्या चाकाला ते घालू नये.

नक्षी : सरळ धावताना मधली बटणे जमिनीवर असतात. ती बुटकी आणि दाट असली की सायकल हलकी पळते. त्यांची पुढची कड उताराची आणि मागची कड उभी ठेवतात. उतार गती अडवत नाही, उभी कड ब्रेक लावताना मातीत रुतते. म्हणून बाजूच्या भिंतीवरचा दिशादर्शक बाण पाहूनच टायर बसवावा. वळणात भार कडेच्या बटणांवर जातो. ती तळाशी रुंद आणि भक्कम हवीत, नाहीतर ऐन वळणात वाकतात. बटणांवरच्या बारीक चिरा त्यांना कठीण दगडावर पसरायला मदत करतात. चिखलाच्या टायरची बटणे उंच, टोकदार आणि विरळ असतात, म्हणजे मधला चिखल निघून जातो. तेच टायर कोरड्या कातळावर डगमगतात.

माप : ‘६१-६२२’ या खुणेत पहिला आकडा रुंदी आणि दुसरा रिमवरच्या बैठकीचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ५५९ म्हणजे २६ इंची, ५८४ म्हणजे २७.५ इंची, ६२२ म्हणजे २९ इंची चाक. इंचांच्या नावांपेक्षा हे आकडे विश्वासाचे. २९ इंची चाकाला तर टायरचीच वाट पाहावी लागली. डब्ल्यूटीबी कंपनीने १९९९ मध्ये ‘नॅनोरॅप्टर’ हा टायर काढला, तेव्हा त्या चाकाच्या माउंटन बाइक बनवणे शक्य झाले. २.४ ते २.६ इंची टायरला ३० मिमी आतल्या रुंदीची रिम शोभते. अरुंद रिमवर रुंद टायर कमी दाबात कलतो.

पुढचा व मागचा टायर : दोन्ही चाकांना एकसारखा टायर घालणे सोयीचे असले तरी दोन्ही चाकांची कामे वेगळी आहेत. मागचे चाक घसरले तर बहुधा सावरता येते, पुढचे घसरले की स्वार जमिनीवर येतो. म्हणून पुढे रुंद, मऊ आणि मोठ्या कडेच्या बटणांचा टायर घ्यावा. मागच्या चाकावर भार जास्त पडतो, पेडलचा जोर त्यालाच लागतो आणि दगडावर तेच जास्त आदळते. तिथे बुटक्या बटणांचा, कडक रबराचा, पण केसिंगने एक प्रत वरचा टायर असावा. पैसे एकाच चांगल्या टायरपुरते असतील तर तो पुढे लावावा.

सह्याद्रीतली जमीन : डोंगरउतारावर कठीण बेसॉल्टवर सुटा मुरूम पसरलेला असतो. तो कोणत्याही नक्षीखाली गडगडतो, म्हणून तिथे रुंदी आणि कमी दाब यांचाच आधार. कोकणात, गोव्यात आणि महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभा लागतो. तो कोरडा असताना उत्तम पकड देतो, पण बटणांच्या कडा कानशीसारख्या घासून टाकतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर उंच बटणे कुचकामी ठरतात. तिथे मऊ रबर आणि चिरांची दाट बटणेच थोडीफार धरतात. ओल्या काळ्या मातीपुढे मात्र चिखलाचा टायरही हरतो. ती चिकणमाती बटणांत आणि फ्रेममध्ये गच्च भरते आणि चाक फिरेनासे होते. अशा शिवारातून त्या दिवसांत सायकल नेऊ नये, शेताच्या वाटांचीही नासाडी होते. सिंहगडसारख्या ठिकाणी पुण्याहून जाणाऱ्याला आधी डांबर तुडवावे लागते. त्याने मागे मधोमध सलग, दाट बटणांचा २.२५ ते २.३५ इंची टायर घेतला तर येता-जाता दोन्ही वेळा पाय वाचतात.

झीज : मागच्या टायरची मधली बटणे आधी गोल होतात आणि ब्रेक लावल्यावर चाक घसरू लागते. कडेची बटणे मुळाशी फाटू लागली की वळणात अचानक पकड सुटते, ही खूण जास्त गंभीर. बाजूच्या भिंतीत धागे दिसू लागले तर तो टायर ठिगळ लावून डोंगरात नेऊ नये. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी न वापरलेल्या टायरलाही बारीक भेगा पडतात, म्हणून सायकल गच्चीत उन्हात ठेवू नये. मागचा टायर पुढच्यापेक्षा बराच आधी संपतो. दोन्ही टायर एकसारखे असतील तर तेव्हा नवा टायर मागे घालण्याऐवजी पुढचा मागे घ्यावा आणि नवा पुढे लावावा, जुन्याचे सीलंट पूर्ण पुसून ताजे भरावे आणि बाणाची दिशा पुन्हा एकदा पाहून घ्यावी.