बंड, समर आणि वाचक

गोव्यात 'राण्यांची बंडे' हा शब्दप्रयोग इतका रूढ आहे की त्यातील 'बंड' या शब्दापाशी सहसा कोणी थबकत नाही. उत्तर हिंदुस्थानातील १८५७ च्या उठावालाही मराठीत दीर्घकाळ 'शिपायांचे बंड' असेच म्हटले जात असे. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनमध्ये राहून त्या उठावाचा इतिहास लिहिला आणि त्याला 'स्वातंत्र्यसमर' असे नाव दिले. तेव्हापासून मराठी वाचकासमोर जो प्रश्न उभा राहिला, तो आजही सुटलेला नाही. एकाच घटनेला एक जण बंड म्हणतो, दुसरा समर म्हणतो. एकाच माणसाला एक जण क्रांतिकारक मानतो, दुसरा गुन्हेगार. यांपैकी कोणाचे खरे धरावे? हा कौल देवापुढे लावता येत नाही. वादग्रस्त क्रांतिकारकाचे चरित्र हाती घेणाऱ्या वाचकाला तो स्वतःच्या बुद्धीला स्मरून द्यावा लागतो. सावरकरांच्या चरित्रग्रंथांविषयी वाचकांची मते गेल्या शतकात कशी घडली आणि कशी पालटली, हे पाहिले की ग्रंथालयाने समाजासाठी नेमके काय करावयाचे असते, तेही ध्यानात येते.

या प्रश्नाकडे पेडणे-डिचोलीच्या वाचकाने वेगळ्या नजरेने पाहावे, असे त्याचे स्वतःचे पूर्वसंचित आहे. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी हे महाल सोळाव्या शतकातच पोर्तुगीज अमलाखाली गेले. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल मात्र अठराव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत पोर्तुगिजांकडे आले. पेडणे तर १७८८ साली. म्हणूनच या भागाला 'नव्या काबिजादी' असे नाव पडले. येथील देवळे, कीर्तने, दशावतार आणि मराठीचे अक्षरज्ञान यांची परंपरा तुटली नाही. तेरेखोलच्या पलीकडे सावंतवाडी आणि घाटापलीकडे बेळगाव, अशी मराठी ग्रंथांची वाटही जवळची होती. परंतु सालाझारच्या राजवटीत छापील मजकुरावर कडक पूर्वनियंत्रण आले. साध्या लग्नपत्रिकेलाही सरकारी संमती लागत असे. अशा काळात वाचन हे केवळ करमणुकीचे साधन राहत नाही. कोणता शब्द कोणी कशासाठी योजला आहे, हे तपासण्याची सवय वाचकाला परिस्थितीच लावते.

त्याच्या अंगणातील इतिहासही तसाच दुहेरी आहे. २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राणे यांनी सत्तरीतील नाणूसचा किल्ला घेतला आणि पुढे सुमारे साडेतीन वर्षे पोर्तुगीज सत्तेला झुंजत ठेवले. अखेर १८५५ मध्ये सरकारला त्यांच्याशी समेट करावा लागला. त्यानंतर कुष्टोबा राणे यांचा उठाव झाला आणि १८७१ मध्ये त्यांच्या मृत्यूने तो संपला. १८९५ मध्ये आफ्रिकेतील मोहिमेवर पाठविले जाणार म्हणून मराठा शिपाई बिथरले, सत्तरीत येऊन राण्यांना मिळाले आणि दादा राणे यांच्या नेतृत्वाखाली उठाव पेटला. तो शमविण्यासाठी पोर्तुगालच्या राजाचा भाऊ दों अफोंसो फौज घेऊन गोव्यात उतरला. या मोहिमेचा इतिहास लिहिणारा गोमिश द कोश्ता हा पुढे काही काळ पोर्तुगालचा सत्ताधीश झाला. म्हणजे बंड मोडणाऱ्या बाजूला इतिहासकार मिळाला. बंड करणाऱ्यांच्या बाजूने मात्र असा ग्रंथ त्या काळी लिहिला गेला नाही. राण्यांचे जे चित्र कागदोपत्री उरले, ते बहुतांशी त्यांच्या शत्रूच्या दप्तरातले आहे. त्या दप्तरात ते लुटारू आणि बंडखोर आहेत.

मुक्तीनंतर चित्र पालटले आणि राणे स्वातंत्र्ययोद्धे ठरले. हेही वाचकाने डोळे मिटून स्वीकारावे असे नाही. राणे हे मोकासे आणि वतने बाळगणारे सरदार होते. त्यांचा रोष करांवर आणि नव्या हुकुमांवर होता, तसाच वतनी हक्कांच्या संकोचावरही होता. उठावाच्या धामधुमीत ज्यांची घरे लुटली गेली, त्यांत सामान्य रयतही होती. गोमंतकातील ख्रिस्ती समाजाच्या दुलपदांतून राण्यांविषयीचे कौतुक आणि धास्ती ही दोन्ही ऐकू येतात, ती उगीच नव्हेत. शत्रूचे दप्तर आणि वंशजांचा अभिमान यांच्यामध्ये जे सत्य असते, ते वाचकालाच शोधावे लागते. राण्यांच्या बाबतीत अडचण अशी की नायकाचा स्वतःचा शब्द जवळपास मिळतच नाही.

सावरकरांच्या बाबतीत अडचण नेमकी उलट आहे. तेथे नायकाचा शब्द इतका विपुल आहे की इतरांचा आवाज त्यात बुडून जातो. त्यांच्या १८५७ च्या इतिहासाचे इंग्रजी भाषांतर १९०९ साली गुप्तपणे छापले गेले. सरकारने त्यावर प्रसिद्धीपूर्वीच बंदी घातली होती. मूळ मराठी हस्तलिखित अभिनव भारताशी संबंधित असलेल्या डॉ. कुटिन्हो यांनी अनेक वर्षे परदेशात जपून ठेवले आणि बंदी उठल्यानंतरच्या काळात ते सावरकरांकडे परत आले. ज्या ग्रंथाने 'बंड' या शब्दाला आव्हान दिले, त्याची मूळ मराठी प्रत गोमंतकीयांना परिचित असे आडनाव धारण करणाऱ्या गृहस्थाने सांभाळावी, हा योगायोग या भागातील वाचकाला सुखावणारा आहे.

१९२६ साली मद्रासहून सावरकरांचे एक इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. लेखकाचे नाव होते 'चित्रगुप्त'. सावरकर त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते आणि राजकारणात भाग न घेण्याचे बंधन त्यांच्यावर होते. या चरित्रात नायकाच्या धैर्याची, बुद्धीची आणि वक्तृत्वाची मुक्तकंठाने स्तुती आहे. वाचकांनी ते एका त्रयस्थ चाहत्याचे लेखन म्हणून वाचले. चित्रगुप्त म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, की व्ही. व्ही. एस. अय्यर, असे तर्कही होत राहिले. पुढे १९८७ मध्ये याच पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली आणि तिच्या प्रस्तावनेत डॉ. रवींद्र रामदास यांनी सांगितले की चित्रगुप्त म्हणजे स्वतः सावरकरच.

येथे वाचकांचे तट पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की परक्या नावाआड राहून स्वतःची थोरवी गाणे हे वाचकाला फसविणेच होय. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की ज्याची लेखणी सरकारने बांधली आहे, त्याने टोपणनाव घेतले तर त्यात दोष कसला? क्रांतिकार्याची हकिकत तरुणांपर्यंत पोहोचविण्याचा दुसरा मार्ग त्याला मोकळा नव्हता. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे. टोपणनाव घेण्याची गरज समजण्यासारखी आहे. पण टोपणनावाने घटना सांगणे वेगळे आणि टोपणनावाने स्वतःच्या गुणांची ग्वाही देणे वेगळे. सहा दशके हे पुस्तक इतरांनी दिलेली साक्ष म्हणून वाचले गेले. ज्यांनी त्याच्या आधारे पुढे लिहिले, त्यांच्या लिखाणात नायकाचीच साक्ष अनवधानाने दुसऱ्यांदा मोजली गेली. पुस्तक रद्द करावे असे यातून निघत नाही. ते आत्मचरित्राच्या कपाटात हलवावे, एवढे मात्र निश्चित निघते.

धनंजय कीर यांचे इंग्रजी चरित्र १९५० साली आले. गांधीहत्येच्या खटल्यातून सावरकर फेब्रुवारी १९४९ मध्ये निर्दोष सुटले होते; तरी त्यांच्याविषयी चांगले बोलणे समाजात अवघड झाले होते. अशा वेळी हे चरित्र लिहिण्यास धाडस लागत होते, ही गोष्ट टीकाकारांनीही मान्य केली पाहिजे. कीर मूळचे रत्नागिरीचे. सावरकरांची १९३७ पर्यंतची स्थानबद्धता, १९३१ मध्ये उघडलेले पतितपावन मंदिर आणि सहभोजने यांची आठवण त्या गावात ताजी होती. याच कीरांनी पुढे डॉ. आंबेडकरांचे आणि महात्मा फुल्यांचेही चरित्र लिहिले. त्यामुळे त्यांना एका पक्षाचा भाट म्हणून बाजूस सारणे वाचकाला जमत नाही. तथापि कीर नायकाकडे भक्तिभावाने पाहतात, हेही लपत नाही. त्यांच्या ग्रंथात घटना भरपूर आहेत. नायकाला अडचणीत टाकणारे प्रश्न तितके नाहीत.

ते प्रश्न दप्तरे उघडल्यावर पुढे आले. १९७५ साली रमेशचंद्र मजुमदार यांचा अंदमानातील बंदिवासावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि सावरकरांनी सरकारकडे केलेल्या सुटकेच्या अर्जांची चर्चा कागदपत्रांच्या आधाराने होऊ लागली. १९११ मध्ये अंदमानात पोहोचल्यानंतर लवकरच त्यांनी पहिला अर्ज केला. १९१३ चा अर्ज अधिक गाजला, कारण त्यात सनदशीर मार्गाने वागण्याची आणि सरकारची सेवा करण्याची तयारी दर्शविलेली आहे. अर्जांची गोष्ट सर्वस्वी लपलेली होती असेही नाही. 'माझी जन्मठेप'मध्ये सावरकरांनी स्वतःच तिचा उल्लेख केला आहे. मात्र अर्जातील भाषा आणि आत्मकथनातील भाषा शेजारी ठेवून वाचण्याची संधी सामान्य वाचकाला पूर्वी नव्हती.

या अर्जांवरून आजवर जे वाद झाले, त्यांत एक बाजू त्यांना शरणागती म्हणते, दुसरी युक्ती म्हणते. विचारी वाचक आधी काही साधे प्रश्न विचारतो. असे अर्ज इतर राजबंद्यांनीही केले काय? बारींद्रकुमार घोष यांच्यासारख्यांनी केले होते. अर्जानंतर लगेच सुटका झाली काय? नाही, सावरकरांची अटींवरची सुटका १९२४ च्या जानेवारीत झाली. सुटल्यानंतर त्यांनी इंग्रजांविरुद्ध पुन्हा शस्त्र उचलले काय? तसेही घडले नाही. यातील पहिली दोन उत्तरे टीकाकाराला अडवितात, तिसरे चाहत्याला अडविते. आपल्याला सोयीचे नसलेले उत्तरही जो टिपून ठेवतो, त्याचेच मत ऐकण्याजोगे असते.

मराठीत असे वाचन करणाऱ्यांनी पुढे स्वतः ग्रंथ लिहिले. य. दि. फडके यांचा 'शोध सावरकरांचा' १९८४ साली आला आणि त्याने भक्तिभाव बाजूला ठेवून कागदपत्रे तपासण्याचा मार्ग दाखविला. शेषराव मोरे यांचा सावरकरांच्या बुद्धिवादावरील ग्रंथ १९८८ मध्ये आला. त्याने सावरकरांच्या विचारांची बाजू विस्ताराने मांडली. पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये विक्रम संपत यांचे दोन खंडांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले आणि चर्चेला नवी धार आली. एका ग्रंथाने दुसऱ्याला उत्तर द्यावे, ही निकोप रीत आहे. चिंतेची गोष्ट एवढीच की अनेक वाचक आपल्याला पटणारा एकच ग्रंथ घरी नेतात आणि दुसऱ्याचे केवळ नाव ऐकून मत बनवितात.

पेडण्याच्या वाचकाला तर या चर्चेतील एक मुद्दा पुस्तकाबाहेरही भेटलेला आहे. शस्त्र की सत्याग्रह, हा वाद त्याच्या सीमेवर प्रत्यक्ष घडला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि कर्नैलसिंग बेनिपाल तेथे धारातीर्थी पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे बेतीच्या पोलीस चौकीवरील सशस्त्र हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला; रानडे मात्र १९६९ च्या जानेवारीपर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी महाराष्ट्रात चळवळ उभारली आणि तमिळनाडूचे अण्णादुराई यांनी पोपकडे रदबदली केली. रानड्यांनी 'सतीचे वाण' या पुस्तकात आपली हकिकत स्वतःच्या नावाने सांगितली. ते पुस्तक वाचणाऱ्याला शस्त्राचा मार्ग पटेल किंवा पटणार नाही. पण साक्ष देणारा कोण आहे याविषयी त्याच्या मनात संभ्रम राहत नाही. पत्रादेवीची आठवण आणि बेतीची आठवण ज्या समाजाने एकत्र जपली, त्याला दोन मार्गांचे मोल एकाच वेळी मान्य करणे अवघड जाऊ नये.

दीपाजींचा स्वतःचा शब्द नाही म्हणून शत्रूच्या दप्तराला उलट प्रश्न विचारावे लागतात. सावरकरांचा स्वतःचा शब्द फार आहे म्हणून त्यालाच उलट प्रश्न विचारावे लागतात. दोन्ही ठिकाणी चरित्र पुरे होते ते वाचकाच्या प्रश्नांनी. ग्रंथालयाने या कामी कोणाचीही बाजू घेण्याचे कारण नाही. चित्रगुप्ताचे पुस्तक, कीरांचे चरित्र, फडक्यांची चिकित्सा, मोऱ्यांचे उत्तर आणि रानड्यांचे आत्मकथन ही पुस्तके एकाच फळीवर लावून ठेवावीत आणि जो सभासद एक मागेल, त्याच्यापुढे दुसरेही सरकवावे. पेडण्या-डिचोलीतील वाचकाची मराठी अनेक पिढ्यांनी परक्या अमलातही टिकविली, ती आपल्या माणसांविषयी स्वतःच्या भाषेत आणि स्वतःच्या विवेकाने बोलता यावे म्हणून. शंभर वर्षे उघडे राहिलेल्या दारातून आत येणाऱ्याला ही मोकळीक पुढेही मिळत राहावी, यातच शताब्दीचे सार्थक आहे.