पद्मकाष्ठ

पद्मकाष्ठ किंवा पद्मक हा गुलाबाच्या म्हणजे रोझेसी कुलातील, हिमालयात वाढणारा चेरीचा पानझडी वृक्ष. शास्त्रीय नाव प्रूनस सेरासॉइडिस. बदाम, जर्दाळू आणि अलुबुखार याच प्रजातीत मोडतात. हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, नेपाळपासून मेघालयातील खासी टेकड्या, म्यानमार, उत्तर थायलंड आणि नैर्ऋत्य चीनपर्यंत तो आढळतो. साधारण १,२०० ते २,४०० मी. उंचीवरचे समशीतोष्ण हवामान त्याला मानवते. सह्याद्रीतला तो वृक्ष नव्हे. महाराष्ट्रात पद्मकाष्ठ माहीत आहे ते काष्ठौषधींच्या दुकानातून.

अनुकूल जागी वृक्ष ३० मी.पर्यंत उंच होतो, मात्र सहसा त्याहून बराच लहान असतो. साल तपकिरी व चकचकीत असून तिच्यावर वल्करंध्रांच्या आडव्या रेषा दिसतात. ती पातळ आडव्या पट्ट्यांनी सुटते, त्यामुळे पाने-फुले नसतानाही झाड ओळखू येते. पाने साधी, एकाआड एक, लांबट अंडाकृती, टोकदार आणि दातेरी असतात. देठाच्या वरच्या टोकाशी बारीक ग्रंथी असतात. उपपर्णांच्या कडा झालरीसारख्या चिरलेल्या असतात.

या वृक्षाचे खरे वेगळेपण फुलण्याच्या काळात आहे. जपानमधील प्रसिद्ध चेरी वसंतात फुलतात. पद्मकाष्ठ मात्र शरद सरता सरता, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास, जवळजवळ निष्पर्ण फांद्यांवर बहरतो. थायलंडच्या डोंगरांत हा बहर जानेवारीपर्यंतही लांबतो. फुले गुलाबी, क्वचित पांढरी, थोड्याथोड्यांच्या चामरकल्प झुबक्यांत येतात. पाकळ्या पाच व केसरदले पुष्कळ. किंजपुट संदलांच्या नळीत मोकळे बसलेले असते. थंडीच्या तोंडावर रानात इतर फुले कमी असताना मधमाश्यांना येथे मकरंद व पराग मिळतात. शिलाँगला २०१६ पासून नोव्हेंबरमध्ये भरणारा चेरी ब्लॉसम महोत्सव याच बहरावर बेतलेला आहे.

फळ अश्मगर्भी, लंबगोल, सव्वा ते दीड सेंमी. लांब, पिकताना लाल व पुढे काळपट जांभळे होते. गर आंबट असतो, खाल्ला जातो; आठळीतील बी मात्र खाऊ नये, कारण प्रजातीतील इतर अनेक बियांप्रमाणे तिच्यात सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. खोडातून डिंक पाझरतो. लाकडाच्या हातकाठ्या करतात. चरकसंहितेत पद्मकाचा समावेश वर्ण्य (कांती सुधारणारी) आणि वेदनास्थापन (वेदना शमवणारी) या दोन्ही औषधी गटांत आहे. उत्तराखंडात वृक्षाला पैयां म्हणतात, पवित्र मानतात आणि मंगलकार्यांत त्याच्या डहाळ्या वापरतात.

लागवड मुख्यतः बियांपासून होते. रोप झपाट्याने वाढते आणि फळांसाठी पक्षी येतात; ते इतर झाडांचे बी आणून टाकत असल्याने उत्तर थायलंडमध्ये उजाड डोंगरांवर जंगल पुन्हा उभे करताना हा वृक्ष आवर्जून लावला जातो.