पांढऱ्या डोळ्यांची माशी, आणि तिच्या आधीचे एक नाव

केळे चार दिवस उघडे राहिले की त्यावर जी बारीक चिलटे जमतात, त्यांच्यातलीच एक जात म्हणजे ड्रॉसोफिला. आनुवंशिकीच्या इतिहासातील एक मोठा वाद या फळमाशीने मिटवला. मात्र ही कथा माशीपासून नव्हे, पिठातल्या किड्यापासून सुरू होते.

साल १९०५. अमेरिकेतील ब्रिन मॉर येथील महिला महाविद्यालयात नेटी स्टीव्हन्स सूक्ष्मदर्शकाखाली पिठातील भुंगेऱ्याच्या पेशी पाहत होत्या. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रे. नराच्या पेशीत १९ मोठी आणि एक अगदी छोटे. म्हणजे नराचे निम्मे शुक्राणू मोठे गुणसूत्र घेऊन जाणार, निम्मे छोटे. मुलगा की मुलगी हे अन्नावर, उष्णतेवर ठरते, असे तोवर अनेक विद्वान मानत. स्टीव्हन्स यांच्या निरीक्षणातून वेगळेच उत्तर पुढे आले: लिंगनिश्चिती फलनाच्या क्षणीच होते, आणि ती गुणसूत्रांवर अवलंबून असते. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाचे एडमंड विल्सन स्वतंत्रपणे जवळपास याच निष्कर्षाला पोहोचले.

स्टीव्हन्स यांचे ब्रिन मॉरमधील एक शिक्षक होते थॉमस हंट मॉर्गन. गंमत अशी, की मॉर्गन यांचा या सिद्धान्तावर विश्वास नव्हता. गुणसूत्रे म्हणजेच आनुवंशिकतेचे वाहक, हे त्यांना घाईचे विधान वाटे. मेंडेलच्या ‘घटकां’बद्दलही ते साशंकच होते.

१९०४ मध्ये मॉर्गन कोलंबियात आले. तेथील ‘माशांची खोली’ म्हणजे आठ टेबले दाटीने मांडलेली एक लहानशी जागा. दुधाच्या बाटल्यांत केळ्याचा लगदा आणि त्यावर हजारो माश्या. १९१० मध्ये एका बाटलीत लाल डोळ्यांच्या गर्दीत पांढऱ्या डोळ्यांचा एकच नर सापडला. मॉर्गन त्याला रात्री बाटलीत घालून घरी नेत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पुढचे आकडे छापील आहेत.

त्या नराचा संयोग लाल डोळ्यांच्या माद्यांशी केला. संतती १,२३७ लाल डोळ्यांची (तीन पांढरे नर अपवाद). या संततीचा आपसांत संयोग केल्यावर दुसऱ्या पिढीत २,४५९ लाल माद्या, १,०११ लाल नर आणि ७८२ पांढरे नर जन्मले. पांढऱ्या डोळ्यांची मादी एकही नाही!

येथे क्षणभर थांबावे. डोळ्यांचा रंग आणि नर-मादी असणे यांचा परस्परांशी संबंध काय? काहीच नाही, फक्त दोन्ही गोष्टी एकाच गुणसूत्रावर स्वार आहेत. नराला एकच ‘एक्स’ मिळतो, तोही आईकडून. त्यावर पांढऱ्याचे जनुक असले तर झाकायला दुसरा एक्स नसतो. मादीला मात्र एक एक्स बापाकडून मिळतो, आणि या पिढीतले सारे बाप लाल डोळ्यांचे होते. मादीचे डोळे पांढरे होऊच शकत नाहीत असेही नाही: पहिल्या पिढीतील मुलींचा संयोग त्या पांढऱ्या नराशी केल्यावर ८८ पांढऱ्या माद्या मिळाल्या. ज्या सिद्धान्ताला मॉर्गन यांनी विरोध केला, त्याच्याकडे त्यांना त्यांच्याच माश्यांनी नेले. हाती आलेल्या पुराव्यापुढे त्यांनी आपले मत बदलले, हे त्यांच्या मोठेपणाचे खरे गमक मानायला हवे.

मग आणखी वेगळी लक्षणे सापडत गेली: पिवळे अंग, खुरटलेले पंख. एकाच गुणसूत्रावरील लक्षणे सहसा जोडीने वारशात येतात. यालाच सहलग्नता म्हणतात. परंतु ही जोडी कधीकधी तुटते, कारण अंडे तयार होताना दोन एक्स आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. १९११ च्या अखेरीस अल्फ्रेड स्टर्टेव्हंट या विशीतल्या विद्यार्थ्याला सुचले, की जनुके जितकी दूर, तितकी ताटातूट अधिक. त्या रात्री महाविद्यालयाचा अभ्यास बाजूला सारून त्याने ताटातुटीच्या टक्केवारीवरून जनुकांचा क्रम आणि अंतरे मांडली. गुणसूत्राचा हा पहिला नकाशा. तो १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

बाटल्या धुण्याच्या कामापासून सुरुवात केलेल्या कॅल्विन ब्रिजेस यांनी उरलेली शंका मिटवली. पांढरी मादी आणि लाल नर यांच्या मुली लाल व मुलगे पांढरे व्हायला हवेत. पण हजार-दोन हजारांत एखादी मुलगी पांढरी निघे, एखादा मुलगा लाल. ब्रिजेस यांनी तर्क केला: आईचे दोन एक्स अंड्यात वेगळे झालेच नाहीत, म्हणून अशा मुलीत दोन एक्स आणि एक ‘वाय’ असणार. सूक्ष्मदर्शकाखाली नेमके तसेच दिसले. १९१६ साली ‘जेनेटिक्स’ या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात हे संशोधन आले.

त्यातून एक अनपेक्षित गोष्टही उघड झाली. वाय असूनही ती माशी मादीच होती; आणि वाय नसलेला, एकच एक्स असलेला प्राणी नर होता, फक्त वांझ. म्हणजे फळमाशीत नरत्व वाय ठरवत नाही; एक्सची संख्या आणि इतर गुणसूत्रांचे संच यांचे प्रमाण ते ठरवते. माणसात मात्र वाय निर्णायक आहे, हे १९५९ मध्ये स्पष्ट झाले. आजही अनेक जण दोन्हींची गल्लत करतात.

१९३३ चे नोबेल एकट्या मॉर्गन यांना मिळाले. पारितोषिकाच्या रकमेतला वाटा त्यांनी स्टर्टेव्हंट आणि ब्रिजेस यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी दिला.

स्टीव्हन्स १९१२ मध्येच, स्तनाच्या कर्करोगाने गेल्या होत्या. ब्रिन मॉरने त्यांच्यासाठी निर्माण केलेले संशोधन-प्राध्यापकपद स्वीकारण्याआधीच. आपल्या बारा वर्षांच्या विद्यार्थ्यांत इतके समर्थ आणि स्वतंत्र कोणी नव्हते, अशा आशयाचे शिफारसपत्र मॉर्गन यांनी कधीकाळी त्यांच्यासाठी लिहिले होते. मृत्युलेखही त्यांनीच लिहिला. त्यात लिंगनिश्चितीच्या शोधात स्टीव्हन्स यांचा ‘वाटा’ होता, एवढेच नोंदवले आहे.