क्रॉसची कुळकथा

जुनी जीप जागेवरून निघताना पोटाखालून ‘कट्’ असा आवाज आला, की परभणी-जिंतूर रस्त्यावरचा मिस्त्री खाली न वाकताच निदान सांगतो : क्रॉस गेला. इंजिन चॅसीवर घट्ट बसलेलं, मागचा अॅक्सल मात्र पाट्यांवर उसळणारा. दोघांना जोडणाऱ्या शाफ्टचा कोन दर खड्ड्याला बदलतो, आणि तरी त्याला फिरत राहावं लागतं. ते जमतं दोन टोकांवरच्या चौपायी तुकड्यांमुळे, म्हणजेच क्रॉसमुळे. अधिकच्या खुणेसारखा आकार, प्रत्येक पायावर एक कप, कपात टाचणीएवढ्या सुया.

युरोपात अनेक ठिकाणी या क्रॉसच्या जॉइंटला कार्डानचं नाव आहे. गिरोलामो कार्डानो हा सोळाव्या शतकातला इटालियन वैद्य, गणिती आणि जुगारी. त्याने वर्णन केलेली एकात एक फिरणाऱ्या कड्यांची टांगणी मात्र त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून ठाऊक होती. माझ्या मते खरा मान रॉबर्ट हूकचा. 1664 मध्ये गास्पार शॉट या जर्मन पाद्र्याने लिहून ठेवलं होतं, की अशा जॉइंटमधून दोन्ही दांडे एकाच गतीने फिरतात. हूकने ते खोडून काढलं. दांडा वाकडा जोडला की पुढचा दांडा एका फेऱ्यात दोनदा पळतो आणि दोनदा रेंगाळतो. कोन दहा अंशांचा असेल तर फरक जेमतेम दीड टक्का. तीस अंशांवर मात्र शंभराच्या गतीचं कधी सत्त्याऐंशी होतं, कधी एकशेपंधरा.

गंमत अशी, की हूकला हा दोष हवाच होता. सपाट छायायंत्रावर सूर्याची सावली तासातासाला सारख्या अंतराने सरकत नाही. ती ज्या हिशेबाने चुकते, नेमक्या त्याच हिशेबाने हा जॉइंट चुकतो. म्हणून घड्याळाला तो जोडला, तर काटा सावलीसारखा चालेल, असं त्याने 1676 च्या सूर्यदर्शक यंत्रांवरच्या पुस्तिकेत मांडलं. लंडनच्या अक्षांशासाठी दांडा साडेअडतीस अंशांत वाकवावा लागतो. परभणी एकोणीस अंशांवर. इथल्या सावलीसाठी तो सत्तरच्या वर वाकवावा लागेल आणि तेवढ्या कोनात आपल्या जीपचा क्रॉस अडकून बसेल!

गाडीला हे नखरे परवडत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे दुसरा तसाच जॉइंट : पहिल्याने घातलेला घोळ दुसरा निस्तरतो. अट एवढीच, की दोन्हीकडचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एकाच रेषेत. सरकत्या शाफ्टवर बाण कोरलेले असतात ते त्यासाठीच. ते चुकवून शाफ्ट जोडला, तर नवे क्रॉस घालूनही गाडी थरथरते आणि बोल लागतो बिचाऱ्या क्रॉसला.

मोटारीला हा जॉइंट खऱ्या अर्थाने लाभला तो क्लॅरन्स स्पायसरमुळे. तोवर अनेक गाड्या सायकलसारख्या उघड्या साखळीने चालत. धूळ-चिखल खात साखळी झिजायची. स्पायसरने 1903 मध्ये बंदिस्त जॉइंटचं पेटंट घेतलं आणि 1904 मध्ये न्यू जर्सीत कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपखाली त्याच नावाचे जॉइंट होते. 1947 मध्ये मुंबईत महिंद्राने विलीज जीप जोडायला घेतल्या आणि हे घराणं आपल्याकडे रुजलं. फोर-व्हील जीपला मागचा शाफ्ट आणि पुढचा शाफ्ट मिळून चार क्रॉस.

परभणीच्या काळ्या रानात मात्र आज या कुळातला सगळ्यांत कष्टाळू सदस्य ट्रॅक्टरमागे भेटतो. रोटाव्हेटरच्या शाफ्टला दोन्ही टोकांना हाच क्रॉस. बांधाला वळताना रोटाव्हेटर उचलला, पण शाफ्ट बंद केला नाही, तर कोन वाढून खडखडाट सुरू होतो. तो हूकचाच नियम.

नवा क्रॉस बसवणं म्हणाल तर ताकदीपेक्षा सबुरीचं काम. कप अडवून धरणारं लॉक काढायचं, जुने कप ठोकून बाहेर घ्यायचे, काट्याची भोकं साफ करायची. नव्या कपातल्या सुया ग्रीसच्या चिकटपणावर भिंतीला उभ्या राहतात. कप तिरका दाबला तर एखादी सुई कलंडून तळाशी आडवी पडते आणि लॉक आपल्या खाचेत बसतच नाही. अशा वेळी हातोडा उचलणारा नवशिका असतो. जाणता कप परत काढून सुया मोजतो. लॉक बसल्यावर काट्याला लाकडाचा हलका ठोका देतात, म्हणजे कप बाहेर सरकून लॉकला टेकतात आणि क्रॉस हाताने मोकळा हलतो.

ग्रीसचं निप्पल गन पोहोचेल अशा बाजूला हवं, नाहीतर पुढच्या वेळी सगळं पुन्हा उतरवा. बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचं वंगण घालणाऱ्या या मुलखाला वंगण नवं नाही, पण इथे दोन थेंबांनी भागत नाही. चारही कपांच्या सीलमधून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत गन मारायची. तीन कपांतून आलं आणि चौथ्यातून नाही, तर तो चौथा कोरडा आहे. गाडी जॅकवर घेऊन शाफ्ट थोडा फिरवायचा, क्रॉस हलवायचा आणि पुन्हा गन लावायची. तरीही ग्रीस येत नसेल आणि कपाच्या कडेला गंजाची लालसर भुकटी दिसत असेल, तर नव्या क्रॉसची डबी फोडायची.