विसाचे चार कसे झाले

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या छोट्या गावातून बाजारात आला. एक खोकं, आत तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिली आवृत्ती १,००० प्रतींची. हा खेळ किती जणांनी खेळायचा, ते पहिल्याच पुस्तिकेत लिहिलंय: किमान एक पंच आणि ४ ते ५० खेळाडू, एका पंचामागे साधारण २० जण. आजच्या खेळाडूला ही छापखान्याची चूक वाटेल. टेबलाभोवती एक डन्जन मास्टर, म्हणजेच पंच, आणि चार-पाच भिडू, हे चित्र आता इतकं पक्कं झालंय.

चूक नव्हती. हा खेळ जन्मला तो युद्धखेळांच्या क्लबांत. शिशाचे सैनिक मांडून जुन्या लढाया पुन्हा लढणारी ही मंडळी. १९६९च्या सुमारास मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्लीने त्यांच्यापुढे एक वेगळा डाव मांडला. नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक गाव, आणि प्रत्येकाला पलटणीऐवजी एकेक माणूस: कुणी महापौर, कुणी बँकवाला. अपेक्षेपेक्षा बरेच जास्त लोक आले, जवळपास वीस. वेस्लीने आयत्या वेळी भूमिका वाढवल्या आणि सगळा गोंधळ उडाला. डाव फसला असं त्याचं मत, तर खेळणारे म्हणाले, पुन्हा मांड. त्या कंपूतल्या डेव्ह अर्नेसनने १९७१मध्ये ‘ब्लॅकमूर’ हा स्वतःचा डाव सुरू केला, पुढच्या वर्षी लेक जिनिव्हाला जाऊन तो तिथल्या गॅरी गायगॅक्सला दाखवला आणि दोघांनी मिळून नियम लिहिले. म्हणजे या खेळाची सुरुवातच गर्दीतून झाली.

आणि ते ५० जण एकाच बैठकीला बसणार नव्हतेच. तालमीत जो येईल तो घुमतो, तसं होतं ते. साहसासाठी उतरायचं भुयार तेच, पंच तोच. आज सहा जण उतरले, परवा दुसरे नऊ. एका टोळीने खजिना उचलला की दुसरीला रिकामी पेटी. कुणी आलं नाही म्हणून खेळ अडत नसे. आजच्या खेळाडूंनी याचा हेवा करावा, असं मला वाटतं.

बैठकीला माणसं जास्त असण्यामागे आणखी एक रोकडं कारण होतं: मरण स्वस्त होतं. मूळ नियमांत नवशिक्या जादूगाराची प्राणशक्ती एका सहा बाजूंच्या फाशावर ठरायची, आणि तलवार असो वा सुरी, घावही तशाच एका फाशाचा. फाशावर दोन पडले असतील, तर पहिल्याच दणक्यात कारभार आटोपण्याची शक्यता सहापैकी पाच. अशा वेळी सोबतीला दहा जण असलेले बरे. शिवाय भाडोत्री शिपाई असतच. हजारो नवख्यांनी ज्यावर हात बसवला त्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या साहसातही सहा ते नऊ पात्रं गृहीत धरली होती.

एवढ्यांचं बोलणं ऐकायचं कसं? त्यासाठी एक म्होरक्या नेमत. सगळ्यांनी आपसात ठरवायचं आणि त्याने पंचाला सांगायचं: डावीकडे वळतो, दार फोडतो. दुसरा एक जण नकाशा काढत बसे. १९८१च्या नियमपुस्तकातही हा म्होरक्या आहे. पुढे तो टेबलावरून उठला, आणि माझ्या मते विसाचे चार झाले ते तिथेच. आपल्या पात्राला स्वतःचा आवाज हवा, असं प्रत्येकाला वाटू लागलं की बोलण्याची वेळ वाटून घ्यावी लागते. लढाईत आठ जण पाळीपाळीने दोन-दोन मिनिटं घेत असतील, तर तुमची पाळी पुन्हा यायला पाव तास, राक्षसांचा वेळ वेगळाच. तोवर हात मोबाइलकडे जातो. चौघांत तेच काम सात-आठ मिनिटांत होतं.

मग चारच का, तीन का नाहीत? १९७४मध्ये पात्रांचे प्रकार तीनच होते: लढवय्या, जादूगार, धर्मोपदेशक. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत चोर आला आणि चौकट पुरी झाली. मारणारा, मंत्र टाकणारा, जखमा भरणारा, कुलपं उघडणारा. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने या चौकटीला गणिताचं कुंपण घातलं. प्रत्येक राक्षसाला काठिण्याचा आकडा मिळाला, तो चौघांची तुकडी धरून. तोडीस तोड झटापटीत तुकडीची साधारण २० टक्के रसद खर्च व्हावी, असा हिशेब. २००८च्या चौथ्या आवृत्तीने पाच धरले, २०१४च्या पाचव्या आवृत्तीत राक्षसाचा आकडा पुन्हा चौघांवर आला. त्यातही तिघांपेक्षा कमी किंवा पाचांपेक्षा जास्त खेळाडू असले, तर हिशेब बदलायला सांगितलंय. ते खरंच आहे: एकट्या ड्रॅगनची पाळी येईपर्यंत आठ तलवारी चालून जातात, आणि ड्रॅगन बिचारा ठरतो.

माझा कौल चौघांनाच. तिघांत एक गप्प बसला की उरलेल्या दोघांचाच संवाद होतो. सहांत दोघं प्रेक्षक होतात. मात्र बोलावताना पाच जणांना बोलवा. एकाला आयत्या वेळी ऑफिसचं काम निघतंच.